बाबांची जमीन

युक्रेनी भाषेत आजीला ‘बाबा’ म्हणतात. माझी कन्या विवाहानंतर कॅनडातील सॅस्कटून शहरी स्थायिक झाली आणि तिच्या दूरध्वनीवरील बोलण्यात ‘बाबा आल्या होत्या’, ‘बाबांनी आंबवलेला कोबी पाठवला’, ‘बाबा तुझी चौकशी करीत होत्या’ अशी वाक्ये येऊ लागली, तेव्हा वडिलांसाठी म्हणून जन्मभर उच्चारलेल्या त्या शब्दाला स्त्रीलिंगी क्रियापद जोडलेले ऐकताना माझा कान प्रत्येक वेळी अडखळत असे. परंतु २०११ च्या जून महिन्यात मी त्यांच्या दारात प्रत्यक्ष उभी राहिले आणि डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या, सत्त्याऐंशीव्या वर्षात असलेल्या त्या ठेंगण्या वृद्धेने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन, “आधी आत ये, बाहेर डास फार आहेत,” असे म्हटले, त्या क्षणापासून तो शब्द मला परका राहिला नाही. माझ्या जावयाच्या वडिलांची ही आई. त्यांचा जन्म १९२४ चा, सस्कॅचेवान प्रांतात, वॉकॉ या लहानशा गावाजवळ, ओंडक्यांच्या भिंतींना माती लिंपलेल्या घरात. मृत्यू २०१९ च्या फेब्रुवारीत, त्या घरापासून पुरत्या दहा मैलांवरही नाही. माझा त्यांचा सहवास तीन खेपांचा, सगळा मिळून पाच महिन्यांचा.

पहिल्याच भेटीत एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. बाबा शेताविषयी बोलताना ‘आमची जमीन’ असा शब्दप्रयोग करीत नसत. ही सासऱ्यांची, ती भावाची, पलीकडची मुलाची, असे त्या म्हणत, आणि मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या एका चौकोनाकडे, जिथे त्या वर्षी गहू नुकता हातभर वर आला होता, बोट दाखवून, आवाज किंचित खाली आणून म्हणत, “आणि ही माझी.” माझे वडील दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, तलाठी होते. खारव्याच्या रुमालात बांधलेली दप्तरे, फेरफाराची पुस्तके आणि पीकपाहणीचे तक्ते यांच्या सान्निध्यात माझे बालपण गेले, त्यामुळे जमीन कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न केवळ महसुलाचा नसतो, त्या एका ओळीत घरातील सगळी माणसे आपापल्या जागी उभी केलेली असतात, हे मला फार लवकर कळले होते. बाबांच्या त्या ‘माझी’ या शब्दामागे काहीतरी आहे, असे मला तेव्हाच वाटले. ते काय होते हे समजायला मात्र तीन भेटी लागल्या.

सॅस्कटूनहून ईशान्येस सुमारे नव्वद किलोमीटर गेले की वॉकॉ लागते. प्रेअरी म्हणजे तळहातासारखी सपाट भूमी, असे भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकलो ते दक्षिणेकडच्या मुलखापुरते खरे; या बाजूला जमीन संथ लाटांनी वर-खाली होते, मधूनमधून पॉप्लर वृक्षांची बेटे आहेत आणि प्रत्येक खळग्यात पाणी साठून झालेल्या तळ्यांत रानबदके पोहत असतात. या सगळ्यावर मोजणीदाराने काटकोनी जाळे अंथरले आहे. एक मैल लांब, एक मैल रुंद असा ६४० एकरांचा चौरस, त्याचे चार भाग, प्रत्येक भाग १६० एकरांचा. आणि तो भाग ओळखायचा तो अमुक मुख्य रेखावृत्ताच्या पश्चिमेस, अमुक रांगेतील, अमुक चौरसाचा वायव्य चतुर्थांश, अशा लांबलचक संज्ञेने. आमच्याकडे शेताला ‘पिंपळाचा मळा’, ‘सतीचा माळ’, ‘बारा बिघे’ अशी नावे असतात, तशी तिकडे काही आहेत का, असे मी विचारले, तेव्हा बाबांनी क्षणभर विचार करून उत्तर दिले, “कागदावर नाहीत. आम्ही बायका म्हणायचो – बदकांचा तुकडा, दगडांचा तुकडा, आणि जिथे घोडा मेला तो तुकडा.”

त्या ‘दगडांच्या तुकड्या’तील एक दगड बाबांच्या खिडकीत ठेवलेला होता. मुठीएवढा, मध्यभागी भोवताली खाच पाडलेला. दांड्याला चामड्याने बांधून हातोड्यासारखा वापरण्याचा. नांगरताना तो वर आला होता. रानरेड्यांची हाडे फोडून त्यांतील मगज काढण्यासाठी क्री लोक असे हातोडे वापरीत, असे त्यांच्या मुलाने मला सांगितले. या भूमीवर १८७६ साली क्री आणि इतर जमातींशी ब्रिटिश राणीच्या नावाने कॅनडा सरकारने सहावा तह केला. १८८५ च्या एप्रिलमध्ये इथून फार दूर नसलेल्या फिश क्रीकच्या काठी मिश्र वंशाच्या मेती लोकांनी आपल्या नदीकाठच्या जमिनींच्या हक्कासाठी सरकारी फौजेशी सामना दिला, पुढच्या महिन्यात बातोश येथे त्यांचा पराभव झाला आणि नोव्हेंबरात त्यांचा नेता लुई रिएल याला रेजायना येथे फाशी देण्यात आले. त्यानंतर तेराच वर्षांनी, १८९८ साली, त्याच फिश क्रीकच्या परिसरात पहिली युक्रेनी कुटुंबे येऊन उतरली. त्या बिचाऱ्यांना हा इतिहास कुणी सांगितला असण्याचा संभव नाही. रिकामी जमीन म्हणून जी दाखवली ती त्यांनी घेतली. बाबा मात्र तो दगड हातात घेऊन म्हणाल्या, “हिचेही घर इथेच होते.” हातोडा वापरणारी ती कुणी स्त्रीच होती, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. त्या अनामिक गृहिणीला त्यांनी आपल्या खिडकीत जागा दिली होती. मात्र तहाने आणि मोजणीने तिच्या वंशजांना जी जागा उरली ती फारच थोडी होती, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

कॅनडाच्या सरकारला हा मुलूख वसवायचा होता. १८७२ च्या जमीन कायद्याप्रमाणे दहा डॉलर शुल्क भरणाऱ्यास १६० एकर मिळत. अट अशी की तीन वर्षे वस्ती करावी, घर बांधावे आणि ठराविक क्षेत्र नांगराखाली आणावे, म्हणजे मग मालकीची सनद. १८९६ पासून अंतर्गत खात्याचे मंत्री असलेल्या क्लिफर्ड सिफ्टन यांनी मध्य आणि पूर्व युरोपातील कष्टाळू शेतकऱ्यांकडे मुद्दाम दृष्टी वळविली, आणि तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या गॅलिशिया व बुकोविना या प्रांतांतून, जिथे वाटण्या होता होता शेताची पट्टी नांगर वळवायलाही पुरेना, तिथून पहिल्या महायुद्धापूर्वी सुमारे पावणेदोन लाख युक्रेनी माणसे कॅनडात आली. बाबांचे आजोबा-आजी त्यांतलेच; १८९९ साली रॉस्थर्नच्या स्थानकावर उतरून, चंबूगबाळे पाठीवर घेऊन, तीन मुलांसह चालत आलेले. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या, वर फांद्या आणि गवताळ मातीची ढेपळे टाकलेल्या ‘बुर्देय’मध्ये काढला. दुसऱ्या वर्षी आजोबा रेल्वेच्या कामावर गेले ते परतले नाहीत. रुळांच्या कामात अपघाती निधन झाले.

आता यापुढचा भाग मला बाबांकडून नव्हे, कागदांतून कळला. सस्कॅचेवानच्या प्रांतिक अभिलेखागारात वसाहतदारांच्या मूळ संचिका जतन केलेल्या आहेत, आणि २०१७ च्या सप्टेंबरात, माझ्या तिसऱ्या भेटीच्या वेळी, माझ्या जावयाने आपल्या खापरपणजीच्या संचिकेची प्रत मिळवून आणली. त्या काळी या कायद्याप्रमाणे स्त्रीला जमीन मिळण्याची मनाई होती. अविवाहित स्त्री, विवाहित स्त्री, दोघींनाही. अपवाद एकच: अज्ञान मुलांचा सांभाळ करणारी, कुटुंबाची एकमेव कर्ती असलेली स्त्री, म्हणजे बहुतेक करून विधवा. पुढे १९१३ मध्ये पश्चिमेकडील स्त्रियांनी अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज ओटावाला धाडून हा पंक्तिभेद दूर करण्याची मागणी केली, ती नामंजूर झाली. तात्पर्य, बाबांच्या आजीला जमीन मिळाली ती पती वारला म्हणून. १९०२ चा अर्ज, आणि १९०६ साली सनदेसाठी केलेले प्रतिज्ञापत्र: घर ओंडक्यांचे, लांबी-रुंदी इतकी, किंमत अंदाजे पन्नास डॉलर, गाई दोन, बैल दोन, पहिल्या वर्षी चार एकर फोडले, दुसऱ्या वर्षी नऊ, तिसऱ्या वर्षी चौदा. दोघा शेजाऱ्यांच्या साक्षी, अगदी आमच्याकडच्या पंचांसारख्या. आणि तळाशी, जिथे सही हवी तिथे, निबाच्या दोन ओढींनी काढलेली फुली; तिच्या एका टोकाला शाई साचून थेंब पसरलेला. लिहिता न येणाऱ्या त्या बाईचा हात तिथे किंचित थांबला असावा. माझ्या वडिलांच्या दप्तरात मी डाव्या अंगठ्याचे शेकडो ठसे पाहिले होते. ती फुली पाहताना त्या ठशांची जांभळी शाई मला आठवली आणि मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

बाबांनी चष्मा लावून ती प्रत वाचली, घडी घातली, आणि म्हणाल्या, “सत्तावीस एकर. बैलांनी. आणि मुले झाडाला बांधून.” रांगते मूल तळ्याकडे जाऊ नये म्हणून त्याच्या कमरेला दोर बांधून तो पॉप्लरच्या खोडाला अडकवायचा आणि नांगराच्या प्रत्येक फेरीला त्याच्याकडे एकदा पाहून घ्यायचे, ही त्यांच्या घराण्यात चालत आलेली आठवण होती, ते मूल म्हणजे बाबांचे वडील.

या आजीने वाढविलेल्या जमिनीचे पुढे काय झाले, तर ती वडिलांकडे गेली आणि वडिलांकडून बाबांच्या दोघा भावांकडे. बाबांना लग्नात शिवणयंत्र मिळाले आणि दोन दुभत्या गाई. जी जमीन एका स्त्रीने स्वतःच्या नावे मिळविली तिच्यावरून स्त्रीचे नाव एका पिढीत पुसले गेले, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. बाबांनाही तेव्हा वाटले नव्हते, हे त्यांनी मला प्रांजळपणे सांगितले.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून युक्रेनी लोकांवर ‘शत्रुराष्ट्रीय’ असा शिक्का बसला. १९१४ ते १९२० या काळात ८,५७९ माणसे स्थानबद्धतेच्या छावण्यांत कोंडली गेली, त्यांत पाच हजारांहून अधिक युक्रेनी होती, आणि हजारोंना नियमाने ठाण्यावर हजेरी लावावी लागे. बाबांचे एक मामा अशा हजेरीसाठी दर महिन्याला पायी जात. त्यांचा तो दाखला बाबांच्या आईने पुढे चुलीत टाकला. “घरात असला कागद नको,” एवढेच ती म्हणाली होती.

बाबांचे स्वतःचे बालपण म्हणजे एकोणीसशे तिशीचे दशक. १९३२ च्या अखेरीस गव्हाचा भाव बुशेलला चाळीस सेंटांच्या खाली उतरला होता आणि दक्षिणेत तर पाऊसच नाहीसा झाला होता. १९३७ मध्ये सस्कॅचेवानचे सरासरी उत्पन्न एकरी तीन बुशेलांपेक्षाही कमी आले, आणि नांगरलेली माती वाऱ्यावर उडून दिवसा दिवे लावावे लागत. बाबांचा भाग उत्तरेकडचा, झाडोऱ्याचा. तिथे निदान गवत आणि जळण होते. त्यामुळे त्यांच्या आठवणींत धुळीपेक्षा माणसेच अधिक होती. दक्षिणेतली कुटुंबे शेती टाकून, उरलेसुरले सामान गाड्यांवर लादून उत्तरेकडे चालली होती, आणि त्यांची वाट बाबांच्या दारावरून जात होती. पेट्रोलला पैसा नाही म्हणून मोटारीचे इंजिन काढून तिला घोडे जुंपलेले. अशा गाडीला लोक तत्कालीन पंतप्रधान बेनेट यांच्या नावाने ओळखत. आठ-नऊ वर्षांची ही मुलगी फाटकावर बसून किती गाड्या गेल्या ते मोजायची आणि आत जाऊन आईला आकडा सांगायची, म्हणजे आई त्या हिशेबाने बीटच्या रश्शात पाणी वाढवायची. एके दिवशी फाटकाशी थांबलेल्या गाडीतून तिच्याच वयाची एक मुलगी उतरली. तिच्या अंगातला झगा पिठाच्या पोत्याचा होता आणि पाठीवर गिरणीची अक्षरे धुऊनही पुरती गेलेली नव्हती. बाबांच्या अंगातही पोत्याचाच झगा होता, पण त्यांच्या आईने अक्षरांवर रंगीत दोऱ्याने फुले भरली होती. त्या मुलीने फुलांना बोट लावून पाहिले. “मी तो झगा तिला दिला असता तर बरे झाले असते,” बाबा म्हणाल्या, “पण मी दिला नाही. मला तेवढा एकच होता.” ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या न दिलेल्या झग्याविषयी बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

पूर्वेकडील प्रांतांतून मदत म्हणून खारवलेला कॉड मासा गाडीच्या डब्यांतून आला, तो कसा शिजवायचा हे प्रेअरीतल्या बायकांना ठाऊक नव्हते. बाबांच्या आईने तो तीन दिवस पाणी बदलत भिजवला, मग आंबवलेल्या कोबीबरोबर शिजवला, आणि ही कृती आजूबाजूच्या चार घरांना जाऊन सांगून आली. इतिहासाच्या पुस्तकांत त्या माशाची नोंद सापडते. तो खाण्याजोगा कसा झाला, याची नोंद सापडत नाही.

नोंद ठेवण्याचे काम बाबांनी केले. १९४४ साली, विसाव्या वर्षी, लग्न होऊन त्या या घरी आल्या तेव्हापासून धान्य-कंपन्या शेतकऱ्यांना फुकट देत त्या खिशात मावणाऱ्या वह्यांत त्या रोज एक ओळ लिहीत. युक्रेनी भाषा, पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत. थंडी किती, अंडी किती डझन, मलईचा डबा स्थानकावर केव्हा दिला आणि त्याचा धनादेश कितीचा आला, कोणती गाय व्यायली, कोणते मूल आजारी. पंचाहत्तर वर्षांच्या वह्या बुटांच्या खोक्यांत रचलेल्या होत्या. गव्हाचा पैसा वर्षातून एकदा येई आणि तो यजमानांच्या हाती जाई. अंडी आणि मलई यांचा पैसा आठवड्याला येई, त्यावर घर चाले. मुलांची पुस्तके, दाताचा डॉक्टर, देवळाची वर्गणी, सगळे त्यातून. या वह्यांतून प्रांताचा इतिहासही ओझरता डोकावतो. १९४४ च्या जून महिन्यात टॉमी डग्लस यांचे सरकार निवडून आले आणि १ जानेवारी १९४७ पासून सस्कॅचेवानमध्ये सार्वजनिक रुग्णालय-विमा सुरू झाला. त्या वर्षीच्या वहीत दुसऱ्या बाळंतपणाच्या ओळीला जोडून बाबांनी लिहिले आहे की इस्पितळात दहा दिवस, बिल नाही. पन्नाशीच्या दशकात वीज आली त्या दिवशीच्या ओळीत एवढेच आहे: ‘दिवा. कोळिष्टके दिसली.’

हे सगळे करणाऱ्या बाईचे नाव जमिनीच्या एकाही कागदावर नव्हते. नांगर चालविणे, पेंढ्या रचणे, गुरांना टोचणे, मळणीच्या दिवसांत वीस माणसांचे पाच वेळचे खाणे. यांतले काहीही कागदाला दिसत नव्हते. आमच्याकडे पीकपाहणीच्या तक्त्यात जमीन कसणाऱ्याच्या रकान्यात ‘खुद्द’ असा शेरा मारीत. माझ्या आजीने कृष्णाकाठच्या आमच्या अडीच एकरांत पन्नास वर्षे खुरपले, भांगलले, राखण केली, आणि दर साली माझ्या वडिलांच्याच वळणदार मोडी अक्षरात तो ‘खुद्द’ माझ्या आजोबांच्या नावापुढे पडत राहिला. वडील सज्जन होते, आपल्या आईवर त्यांचे अपार प्रेम होते. रकान्यात तिच्यासाठी जागा नव्हती आणि ती नाही हे त्यांच्या ध्यानात येण्याचे काही कारण घडले नाही.

बाबांच्या बाबतीत ते कारण घडले. शेजारच्या आल्बर्टा प्रांतात आयरीन मर्डॉक नावाची एक स्त्री होती. तिने पतीबरोबर पंचवीस वर्षे पशुपालनाचे कुरण चालविले होते. पती वर्षातले पाच महिने नोकरीनिमित्त बाहेर असताना गवत कापणे, ट्रॅक्टर आणि ट्रक चालविणे, घोडे वठणीवर आणणे, गुरांची शिंगे कापणे, त्यांना लसी टोचणे आणि डाग देणे, सगळे तिने केले होते. वेगळे होण्याची वेळ आली तेव्हा तिने मालमत्तेत वाटा मागितला. खालच्या न्यायालयाने म्हटले की कुठल्याही कुरणवाल्याची बायको करते तेवढेच काम तिने केले आहे. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तेच कायम केले. विरुद्ध मत न्यायमूर्ती बोरा लास्किन यांचे होते. या निर्णयाने प्रेअरीतल्या स्वयंपाकघरांत जी खळबळ उडाली तिचा परिणाम असा झाला की सत्तरीचे दशक संपेपर्यंत प्रांतोप्रांती वैवाहिक मालमत्तेचे कायदे बदलावे लागले. बाबांच्या १९७३ च्या वहीत त्या आठवड्यात एक ओळ आहे, ती माझ्या जावयाने मला वाचून दाखविली: ‘अंडी चौदा डझन. रेडिओवर मर्डॉकबाईचे ऐकले. जेवताना बोलले नाही.’

त्या हिवाळ्यात बाबा पुष्कळ दिवस जेवताना बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी गेल्या एकोणतीस वर्षांच्या वह्या टेबलावर मांडल्या आणि यजमानांना म्हटले, “हे वाच.” ते वाचीत बसले. भांडण झाले नाही. ते अबोल, सरळ स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांना फक्त हे कुणी कधी मांडून दाखविले नव्हते. वर्षभराने, १९७५ च्या मार्चमध्ये, दोघे नोंदणी-कचेरीत गेले आणि घराभोवतालचा १६० एकरांचा तुकडा बाबांच्या नावे झाला. हा वृत्तान्त सांगून झाल्यावर बाबांनी मला विचारले, “तुमच्याकडे बायकांच्या नावे होते का?” मी त्यांना १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाविषयी सांगितले, त्यानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चालविलेल्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमाविषयी सांगितले, आणि तेव्हा माझ्या थोरल्या बंधूंनी दीड एकर वहिनींच्या नावे करून दिली हेही सांगितले. “आणि तुझ्या आजीच्या?” बाबांनी विचारले. मी नकारार्थी मान हलविली. त्या उठल्या आणि चहाचे पाणी ठेवू लागल्या.

माझी दुसरी भेट २०१५ च्या जानेवारीतली. जुन्या पंचांगाप्रमाणे त्यांचा नाताळ सात तारखेला, आणि आदल्या संध्याकाळचे ‘पवित्र जेवण’ हा त्यांचा फार मोठा सण. बाहेर पारा उणे एकतीस. सकाळीच शेतातल्या गव्हाची एक पेंढी, तिला ‘दीदुख’ म्हणजे आजोबा-पणजोबा असे नाव आहे, घराच्या पूर्वेकडील कोपऱ्यात उभी केली. दसऱ्याला दाराला भाताच्या लोंब्या बांधणाऱ्या माझ्या माहेरची आठवण येणे अपरिहार्य होते. टेबलावर सुके गवत पसरून त्यावर भरतकामाची चादर, चार कोपऱ्यांत लसणाच्या कुड्या. पहिला तारा दिसेपर्यंत उपवास. तारा पाहायला नातवंडांना खिडकीशी बसवलेले. मग बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे, आणि त्यांतला पहिला ‘कुत्या’: अख्खे गहू भिजवून, कांडून, शिजवून त्यात मध आणि वाटलेली खसखस. तो पहिला घास तोंडात घातला आणि मला गव्हाच्या खिरीची, गूळ-खोबरे घातलेल्या आमच्या आजीच्या खिरीची चव जिभेवर आली. टेबलाशी एक पान रिकामे होते, त्यावरही थोडी कुत्या वाढलेली. घरातील गेलेल्या माणसांसाठी. सर्वपित्रीच्या दिवशी आम्हीही असेच वेगळे पान वाढतो, असे मी म्हटले, तेव्हा बाबांनी आणखी एक ताटली आणावयास सांगितली, रिकाम्या पानाशेजारी मांडली, आणि चमचाभर कुत्या तिच्यात घालून म्हणाल्या, “तुझ्या आजीचे नाव काय?” मी सांगितले. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले, तिसऱ्या वेळी नीट जमले.

पुढच्या काळात बाबांची जमीन शेजारच्या एका तरुण शेतकऱ्याकडे खंडाने होती आणि तो पाळीपाळीने मसूर पेरीत असे. सस्कॅचेवान विद्यापीठात आल्फ्रेड स्लिंकर्ड यांनी १९७८ साली ‘लेअर्ड’ नावाचे मसुराचे वाण प्रसृत केले, तेव्हापासून हे पीक या प्रांतात रुजले आणि आज कॅनडा जगातील सर्वांत मोठा मसूर-निर्यातदार आहे. आमच्या सांगलीकडच्या धाब्यांवर अख्खा मसूर रोटीबरोबर चवीने खाल्ला जातो. त्यातले काही दाणे या मुलखातून आलेले असतील, हे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी मला तो करून दाखवायला लावला. कांदा, लसूण, आमचा कांदा-लसूण मसाला, वर तेलाचा तवंग. तिखट त्यांना सोसले नाही, डोळ्यांतून पाणी आले, पण वाटी पुसून खाल्ली. २०१७ च्या डिसेंबरात भारत सरकारने मसुरावर तीस टक्के आयातशुल्क बसविले, तेव्हा त्र्याण्णव वर्षांच्या बाबांनी मला दूरध्वनी केला. त्यांच्या खंडकऱ्याचा माल पडून होता. मी त्यांना सांगितले की त्या वर्षी आमच्याकडे तुरीचा भाव कोसळला होता, शेतकरी खरेदी-केंद्रांपुढे गाड्या लावून दिवसेंदिवस तिष्ठत होता. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे दोन्हीकडे तीच रांग,” आणि मुलांच्या प्रकृतीची चौकशी करू लागल्या.

त्या गेल्या तेव्हा माती गोठलेली होती, कबर खणायला यंत्र आणावे लागले. मला जाता आले नाही. त्या उन्हाळ्यात जावई भारतात आला तेव्हा त्याने एक वही मला आणून दिली; बाबांनी बाजूला काढून, वर कागदाची चिठ्ठी लावून ठेवलेली, माझ्यासाठी. १९७५ ची. मार्च महिन्यातील त्या दिवसाच्या पानाशी दुमड घातलेली आहे आणि त्यावरील ओळी जावयाने मला मराठीत लिहून दिल्या आहेत: ‘उणे अठरा. वारा नाही. अंडी नऊ डझन. कचेरीत गेलो. माझे नाव मी स्वतः लिहिले, फुली नाही. नोंदणीचे शुल्क तो देत होता, मी देऊ दिले नाही. अंड्यांच्या पैशातून दिले.’